मालकाची सही

आमच्या गावात बाईला दिवस गेल्याची बातमी तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळते. मी आशा कार्यकर्ती आहे, बारा वर्षं झाली. लोहाच्या गोळ्या, निरोधची पाकिटं, लघवी तपासायची पट्टी, सगळं माझ्या पिशवीत असतं. जळकोटच्या अलीकडं हायवेला लागून गाव आहे, निम्मे पुरुष गाड्यांवर असतात. पाळी चुकली की बाया धुणं बडवता बडवता माझ्या कानाला लागतात.

आणि जिला नको असेल तिच्यासाठी माझं एक वाक्य पाठ होतं. "मालकाची सही आण, मग जाऊ." आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, म्हणून त्या वाक्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलं होतं. तिला कुणी शिकवलं ते तिलाच ठाऊक. मी मात्र ते असं सांगत असे, जणू कायदा माझ्यासमोर बसून लिहिलाय.

खालच्या आळीतली एक सून एका जुलैत माझ्याकडं आली. पेरण्या आटोपल्या होत्या. तिशीही नव्हती तिची. तीन लेकरं, धाकटं अजून अंगावर पीत होतं. अंगावर दूध असलं की दिवस जात नाहीत, या भरवशावर ती बसली होती, आणि तो भरवसा मोडायला मी कधी तिच्या दारी गेले नव्हते. नवरा ट्रकवर. अकरावीत असताना लग्न झालेलं. त्या उन्हाळ्यात तामलवाडीला माहेरी जाऊन तिनं शाळेचा दाखला आणला होता. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच बारावी करायची, आणि आमच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा रिकामी होणार होती, तिथं लागायचं, असं तिनं ठरवलं होतं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. सात आठवडे झाले होते.

"ताई, मला ह्ये नको हाय," ती म्हणाली. "फेब्रुवारीत माझी परीक्षा हाय."

"मालकाला सांगितलं का?"

"फोनवर सांगितलं. ते म्हनले, तुला जमत नसंल तर नको ठिवू."

"मग त्यांची सही आण."

"ते विजयवाड्याकडं हैत. तिथनं पुढचं भाडं लागलंय. यायला महिना लागंल."

"मग महिन्यानं जाऊ," मी म्हणाले. हे वाक्य मी किती सहज म्हणाले ते आठवलं की आता माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

चार दिवसांनी ती फोन घेऊन आली. नवऱ्याला लावून स्पीकर चालू करून माझ्यापुढं धरला. मागं गाडीचं इंजिन घरघरत होतं. तो ओरडून म्हणाला, "ताई, म्या व्हय म्हनतोय की! घिऊन जावा तिला." मी काय म्हणावं? "दादा, फोनवर सही होत न्हाय." तिनं मुकाट्यानं फोन बंद केला. पुढच्या मासिक सभेत मी हा किस्सा सगळ्या आशांना रंगवून सांगितला. सगळ्या हसल्या, सुपरवायझर मॅडमसुद्धा. मला फार हुशार असल्यासारखं वाटलं होतं.

तो सहा आठवड्यांनी आला. आल्या आल्या सही करतो म्हणाला. आम्ही तिघं तालुक्याला गेलो. सोनोग्राफीत तेरा आठवडे निघाले. सिस्टर म्हणाली, "इथं बारापर्यंतच. आता मोठ्या दवाखान्यात जा." त्याला दोन दिवसांनी परत गाडी भरायची होती. तो माझ्याकडं बघायला लागला, कारण शहाणी मी. आणि मी त्याला येताना जीपमध्ये सांगितलं की आता राहू द्या, तीन महिन्यांच्या वर गेलं की गुन्हा असतो.

हे तर मला सिस्टरनंही सांगितलं नव्हतं. ते माझंच होतं. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर, मुलगा की मुलगी ते तपासणं गुन्हा आहे, अशी पाटी असते. शाळेच्या भिंतीवर लेक वाचवा म्हणून आम्हीच रंगवलंय. पोटात मुलगी आहे का बघून ती पाडणं वेगळं आणि बाईला मूल नको म्हणून तिनं मोकळं होणं वेगळं, हा फरक गावाला समजावून सांगायचं काम माझं होतं. मीच दोन्ही एकात कालवून ठेवलं होतं. ती जीपमध्ये पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, तिला गाडी लागली असेल.

फॉर्म तिनं तरीही भरला. हॉलतिकीटही आलं. रक्त कमी म्हणून तिला दोनदा भरती करावं लागलं, दोन्ही वेळा मी सोबत गेले, चोख काम केलं. इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर हॉलतिकीट उशीखाली होतं. अंगणवाडीत दुसरी बाई लागली. ती मला कधी काही बोलली नाही. मीही तो विषय काढला नाही, आणि खरं सांगायचं तर मला काढावासा वाटलाही नाही.

मग पुढच्या वर्षी, पोळ्याच्या सुमाराला, माझीच पाळी चुकली.

गावभर निरोध वाटणारी बाई मी, आणि माझ्या घरात त्या पाकिटाला हात लागत नाही. कॉपर-टीनं अंगावरून जायला लागलं म्हणून ती काढली होती. नवऱ्याला ऑपरेशन कर म्हटलं की तो उठून बाहेर जायचा. माझं वय अडतीस, मुलगी दहावीत, मुलगा आठवीत. पण खरी गोष्ट वेगळीच होती. मुलाच्या वेळी माझं बीपी वाढून मला झटके आले होते. दोन दिवस मी शुद्धीवर नव्हते. त्या दोन दिवसांतलं मला काही आठवत नाही, पण शुद्धीवर आल्यावर आईचा चेहरा कसा दिसला ते आठवतं. मला मरायचं नव्हतं. एवढं साधं होतं ते.

नवरा शाळेत शिपाई आहे. वाईट माणूस नाही, असं सगळे म्हणतात. मी त्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता.

"देवानं दिलंय," तो म्हणाला. "राहू दे."

"मागच्या टायमाला मी मरता मरता वाचले."

"आता दवाखाने सुधारलेत. अन् लोक काय म्हनतील? गावाला ग्यान शिकवती अन् सोताच पाडून येती."

"मी जाणार आहे."

त्यानं ताटात पाणी घेऊन हात धुतला. "कशी जाशील? मी सही करनार न्हाय."

सही लागते हे त्याला कुठून कळलं? बारा वर्षं तो माझं फोनवरचं बोलणं ऐकत होता. त्याला ते मीच शिकवलं होतं.

मग मी काय केलं ते लिहायला मला लाज वाटत नाही. मी त्याच्या सहीची नक्कल केली. तशी ती सोपी आहे, नावाचं पहिलं अक्षर आणि खाली आडवी रेघ. लसीकरणाच्या डायरीच्या मागच्या पानावर मी ती गिरवत बसले. मग एका कोऱ्या कागदावर 'माझी हरकत नाही' असं लिहून खाली सही ठोकली, त्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स जोडली आणि लाल डब्यात बसून तालुक्याला गेले. खोटी सही करणारी बाई म्हणून उद्या नोकरी जाईल, हे डोक्यात होतं.

सिस्टरनं मला लांबूनच हाक मारली. "आज कुणाला आणलंय?"

"मलाच."

तिचा चेहरा बदलला. एवढ्या वर्षांची ओळख, पण तिनं पहिला प्रश्न तोच विचारला. "मालकाची सही?" मी कागद पुढं केला. तिनं तो माझ्या केसपेपरला टाचला.

आत नवीन डॉक्टरबाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली, बीपी बघितलं, रक्त तपासायला दिलं, सोनोग्राफी केली. साडेसात आठवडे. झटक्यांचं सांगितल्यावर त्यांनी जुने कागद मागितले आणि नीट वाचले. मग म्हणाल्या, "बाईच्या जिवाला धोका असेल, तब्येतीला किंवा मनाला गंभीर इजा होणार असेल, बाळात मोठं व्यंग असेल, जबरदस्ती झालेली असेल, किंवा वापरलेलं साधन फसलं असेल, तर कायद्यानं करता येतं. तुमचं तब्येतीच्या कारणात बसतं. नऊ आठवड्यांच्या आत आहात, गोळ्यांनी होईल." त्यांनी एक छापील फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "नाव, वय, पत्ता. इथं सही."

मी सही केली. तेवढ्यात त्यांचं लक्ष टाचलेल्या कागदाकडं गेलं. "हे काय आहे?"

"मालकाची सही," मी म्हणाले.

"कुणी मागितली?"

मी सिस्टरकडं बघितलं. सिस्टर खाली बघत म्हणाली, "आपण घेतो, मॅडम. पुढं कुणी येऊन भांडायला नको म्हणून."

डॉक्टरबाईंनी टाचणी काढली आणि कागद माझ्या हातात परत दिला. "अठरा वर्षं पूर्ण असली की बाईची एकटीची संमती पुरते. अठराच्या आत असेल तर पालकाची लागते. नवऱ्याची कधीच लागत नाही."

मी तो फॉर्म उचलून वरपासून खालपर्यंत वाचला. मग उलटून मागं बघितलं. नवऱ्यासाठी त्यात ओळच नव्हती. बारा वर्षं मी ज्या फॉर्मसाठी बायांना सही आणायला पाठवत होते, तो मी कधी हातात घेऊन वाचलाच नव्हता. कुणीतरी एकदा दवाखान्यात येऊन आरडाओरडा केला असेल, त्याला घाबरून सिस्टरनं एक नियम केला असेल, आणि तो मी डोक्यावर घेऊन गावभर मिरवला.

मी विचारलं, "मॅडम, तेरा आठवडे झालेली बाई आली तर?"

"वीसपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर होतं. इथं नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवतो. चोवीसपर्यंत दोन डॉक्टरांचं मत लागतं, तेही ठरावीक बायांसाठी. त्याच्यापुढं बाळात मोठं व्यंग असेल तर डॉक्टरांचं बोर्ड ठरवतं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कोण आहे?"

"होती एक," मी म्हणाले.

पहिली गोळी तिथंच त्यांच्यासमोर घेतली. दोन दिवसांनी परत जाऊन दुसऱ्या घेतल्या. पाच-सहा तास पोटात मुरडा, पाळीपेक्षा जास्त जाणं, मग हळूहळू कमी. पंधरा दिवसांनी तपासणीला गेले, पिशवी साफ होती. या प्रकाराला गावातल्या बाया जेवढ्या भितात, आणि मीही भ्यायले होते, त्याच्या मानानं ते काहीच नव्हतं. माझं नाव दवाखान्यातून बाहेर जाणार नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि ते गेलं नाही. नवऱ्याला मी सांगितलं की आपोआप पडलं. तो म्हणाला, "देवाची मर्जी." हे इथं लिहिलंय तरी त्याला कळायचं नाही, तो वाचत नाही.

पहिली गोळी घेतली त्याच दिवशी घरी येऊन मी ट्रंक उघडली. प्रशिक्षणाची पुस्तकं तळाशी होती. शोधायला फार वेळ लागला नाही. बाईच्या एकटीच्या संमतीची ओळ तिथं ठळक छापलेली होती. आणि त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. ती मीच मारलेली होती. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी मारायला सांगितली असेल, मी मारली आणि पुस्तक ट्रंकेत टाकलं.

त्यानंतर महिनाभर खालच्या आळीला जायचं मी टाळलं. पण तिच्या धाकटीचा गोवरचा दुसरा डोस राहिला होता, त्यामुळं जाणं भाग होतं. सोयाबीनच्या राशी झाल्या होत्या. ती अंगणात सुपानं सोयाबीन पाखडत होती, पोरगी तिच्या पदराला धरून उभी होती.

"मंगळवारी डोस हाय," मी म्हणाले, आणि लगेच निघावं असं वाटलं. मग म्हणाले, "तुला एक सांगायचंय. तवा मालकाची सही लागत नव्हती. तुझी एकटीची पुरली असती. माझं चुकलं. मला आत्ता कळलं."

सूप थांबलं नाही. "अन् तीन महिन्याच्या वर गुन्हा असतो म्हनला व्हता, ते?"

"ते बी खोटं. पाचव्या महिन्यापर्यंत झालं असतं, मोठ्या दवाखान्यात."

"आत्ता कसं कळलं?"

"माझ्यावर यळ आली, तवा."

आता तिनं हात थांबवला आणि माझ्याकडं वर बघितलं. "तुमचं झालं?"

"झालं."

"मालकाची सही?"

"न्हाय लागली."

तिनं सूप खाली ठेवलं. पोरीचं नाक पदरानं पुसलं. ती चिडेल, रडेल, मला अंगणातून घालवून देईल, या सगळ्याची मी तयारी करून आले होते.

"माझ्या मालकानं तर फोनवरच व्हय म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "म्हंजी ताई, सही तुमचीच लागत व्हती."

मग तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि मंगळवारी किती वाजता यायचं ते विचारलं. मी सांगितलं, दहा वाजता.