मी चढवलेला रंग

बायकोच्या चित्रात मी तिला न विचारता फेरफार केले, आणि चित्र नाकारलं गेलं तेव्हा तोंड उघडलं नाही. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

तेव्हा मी बजाजनगरात फ्लेक्सच्या एका दुकानात डिझायनर होतो. वाढदिवसाचे बोर्ड असायचेच, पण जास्त काम प्लॉटिंगवाल्यांचं. पाऊस लागोपाठ दगा देत होता, नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि तरी शहर चिकलठाण्याच्या पुढे पसरत चाललं होतं. गिऱ्हाईक मुरमाच्या उघड्या माळाचा फोटो आणून द्यायचं. मी त्यावर हिरवळ पसरायचो, आभाळ निळंशार करायचो, मधोमध मोठी कमान उभी करायचो. गाडीवरून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, एवढा एकच नियम मला ठाऊक होता.

दुकानातून काढून टाकलेला, पेनानं चित्र काढायचा एक टॅबलेट मी घरी आणला आणि बायकोनं तो ताब्यात घेतला. ती पिशोरची, शेतकऱ्याच्या घरातली. व्हिडिओ बघून शिकली. त्यांतली भाषा कळायची नाही, पण पेन कुठं फिरतो ते कळायचं. कुठल्याच नकाशात नसलेले प्रदेश ती काढायची: हवेत तरंगणारे डोंगर, झाडांच्या ढोलीत वसलेली गावं. सुरुवातीची चित्रं माझ्या बोर्डांसारखीच होती, सगळंच ओरडणारं. मग ती एकेक गोष्ट सुधारत गेली. रंग भरताना मधेच सगळं चित्र काळंपांढरं करून बघायची.

"रंग काढले की कळतं, कोणता डोंगर कोणाला चिकटलाय ते," म्हणायची. कधी आरशात दिसावं तसं चित्र उलटं करायची आणि हसायची. "बघा, उजवीकडं कलंडलं. आपल्या शेगडीवानी."

एकदा संध्याकाळी तिनं मला गच्चीवर बोलावलं. धुरळा भरून राहिला होता.

"अहो, दुष्काळ तपकिरी असतो हे कोण म्हणलं? नीट बघा की."

मी बघितलं. जवळचा मुरूम तांबूस होता, त्यामागचं रान भुरं, त्याच्याही मागचे डोंगर जांभळट, आणि शेवटची रांग इतकी फिकी की आभाळात मिसळलेली. इतकी वर्षं हीच जमीन मी हिरवळीखाली झाकत होतो. तिला इतके रंग आहेत हे माझ्या गावीही नव्हतं.

त्यातूनच तिचं सगळ्यात सुंदर चित्र झालं. खाली कोरडं नदीपात्र, वळत वळत आत जाणारं. वर तरंगता डोंगर, मध्यापासून जरा बाजूला. त्याच्यावरून पाण्याची एक धार सुटलेली, जमिनीला टेकायच्या आतच विरून जाणारी. सगळं चित्र मातकट, जांभळट. फक्त ती धार निळीहिरवी. नदीपात्रावरून नजर आपोआप तिच्यापर्यंत जायची आणि तिथंच थांबायची. मी पुन्हा पुन्हा ते चित्र उघडून बघायचो.

पुण्याच्या एका प्रकाशकाला मुलांच्या अद्भुत कथांच्या पुस्तकासाठी मुखपृष्ठ हवं होतं. नमुना पसंत पडला तर अख्ख्या पुस्तकाची चित्रं तिला मिळणार होती. घरचं इंटरनेट धड चालत नव्हतं, म्हणून तिनं फाइल माझ्याकडे दिली. दुकानात ती उघडली आणि मला धास्ती वाटली, हे कुणाच्या नजरेत भरेल का? तिच्या भल्यासाठीच करतोय असं मानून मी डोंगर मोठा केला, मधोमध आणला, आभाळ निळं केलं, नदीकाठ हिरवा केला. धार त्या हिरव्यानिळ्यात कुठं हरवली ते मला दिसलंही नाही. तसंच पाठवून दिलं.

उत्तर आलं: रंग फार भडक आहेत, नजर कुठे थांबवावी ते कळत नाही.

ते वाचून ती आपली मूळ फाइल उघडून बसली. "मला यात भडक काहीच दिसंना. माझ्या डोळ्यातच खोट हाय का?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे, त्यांना कळत नाही." मग ती रंग काढतच गेली. प्रत्येक नवं चित्र आणखी राखाडी. शेवटी एक दिवस सकाळी म्हणाली, "टॅबलेट देऊन टाका कुणाला. माझं काम नाय हे."

त्या दुपारी मी पुण्याला गेलेली फाइल आणून तिच्या चित्राशेजारी उघडली. तिनं दोन्ही चित्रं आळीपाळीनं निरखली.

"हे तर प्लॉट विकायला काढल्यावानी दिसतंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही केलंत? आणि इतके दिवस मला डोळे चोळत बसू दिलंत?"

"हो," मी म्हणालो. "तुझ्या डोळ्यात काही खोट नाही. ते फेरफार माझे होते, हे पुण्याला आज सकाळीच माझ्या नावानं कळवलंय, तुझं खरं चित्रही पाठवलंय. न विचारता चित्राला हात लावला, ते चुकलंच. पण तू स्वतःवरच शंका घेत होतीस आणि मी बघत बसलो. त्याबद्दल मला माफ कर."