बानूबाईची माफी

भिगवणला हायवेच्या कडेला बानूबाई वीस वर्षं मासे विकत होती. सकाळी उजनी धरणातून निघालेली चिलापी मासळी दुपारच्या आत संपवायची, हा तिचा शिरस्ता. एके दिवशी सणसरचा रील बनवणारा ऋषिराज मोबाइल पुढं धरून आला, टोपलीतला मासा उचलून म्हणाला, "बघा मित्रांनो, औषध मारलेला माल." बानूबाई विळी सोडून ताडकन उठली. "हात तोडून हातात दीन," म्हणाली.

ते रील गावोगाव फिरलं. खाली लोकांनी तिच्या जातीपासून चारित्र्यापर्यंत सगळं काढलं. आठवड्यात गिऱ्हाईक तुटलं.

सून साक्षी तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेली. हवालदारानं समजावलं, "मावशी, बदनामी अदखलपात्र असती. कोर्टात खासगी फिर्याद करा. पण त्यानं तुमच्यावर धमकीचा अर्ज दिलाय, अन् त्याच्याकडं व्हिडिओ हाय."

"माज्या मालाला त्यो विषारी म्हनला, ते त्यात दिसंना व्हय?"

"ते कोर्ट बघंल."

बारामतीचे वकील बुद्धघोष म्हणाले, खटला उभा राहील, पण वर्षं जातील. तेवढ्यात ऋषिराजचा निरोप आला: कॅमेऱ्यापुढं माफी मागा, रील काढतो, अर्जही मागं घेतो.

"आत्या, जाऊ नका," साक्षी म्हणाली.

"जीभ माजी घसरली. तेवढ्याची माफी मागती."

ती गेली. हात जोडून म्हणाली, "चुकलं माजं. रागात बोलले. पर मासा ताजाच व्हता."

ऋषिराजनं शब्द पाळला, जुनं रील काढलं. संध्याकाळी नवं टाकलं: 'अखेर मासेवालीची कबुली'. त्यात 'चुकलं माजं' एवढंच ठेवलं होतं. पहिल्यापेक्षा ते तिप्पट चाललं.

वकिलांनी ते दोनदा पाहिलं. "आता कोर्टात तो हेच पुढं करील. मूळ चित्रीकरण मागू आपण. त्यानं ठेवलं असलं तर."

बानूबाईनं तरीही फिर्यादीवर अंगठा उठवला आणि दुसऱ्या दिवशी साक्षीसोबत टोपली घेऊन बसली. दुपारी एक गाडी थांबली. चार जण उतरले. तिनं घाईनं माशांवरचं ओलं फडकं बाजूला केलं.

"मावशी, मासे नकोत," त्यातली एक पोरगी हसत म्हणाली. "ते हात जोडून म्हणता ना, तेवढं एकदा म्हणा."

साक्षी उठायला लागली. बानूबाईनं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. पोरीचा मोबाइल चालू होता.