मायच्या गालावरचे व्रण

लातुरात औसा रोडला आमची पत्र्याची शेड होती. तिथं पुतळे व्हायचे. मातीकाम माझा नवरा करायचा. मी फायबरची मॅट कापायची, ती चिकटवायचं रेझीन कालवायची आणि दिवसभर हात खाजवत बसायची. दहा वर्षं खाजवल्यावर मला वाटायला लागलं, आपण निम्म्या शिल्पकार झालो. नाती विचारतात, ‘आजी, तू लहानपणी कशी होतीस गं?’ लहानपणीची बरी होते. चाळिशीतली विचारू नका. ती बाई आज समोर आली तर कान धरून शेडभर फिरवीन तिला.

निलंग्याकडच्या एक अक्का आल्या होत्या. त्यांची माय वारलेली. शेतात समाधीवर तिचा पुतळा बसवायचा होता. फोटो एकच, मतदान कार्डावरचा, तोही धुरकट. मायला लहानपणी देवी आलेल्या, डावा गाल व्रणांनी भरलेला. फोटोत त्यातलं काहीच नाही. म्हणून अक्का चार वेळा एसटीनं आल्या आणि मातीपुढं डबा पालथा घालून बसल्या.

“नाक बसकं करा, दादा. आणखी. हां, आता माय दिसाय लागली.”

शेवटच्या दिवशी नवरा म्हणाला, “अक्का, व्रण तुम्हीच पाडा. मला काय ठाऊक कुठं कुठं होते?”

अक्कांनी डोळे मिटले आणि करंगळीच्या टोकानं ओल्या मातीत एकेक खड्डा दाबत गेल्या. “झोपताना ह्याच्यावरूनच बोट फिरवायची मी. समदे पाठ हायत.”

दुसऱ्या दिवशी नवरा नांदेडला एक पुतळा बसवायला गेला. जाताना म्हणाला, “मातीवर पाणी मारत जा. साच्याचं रबर मी आल्यावर लावू.”

मी पाणी मारलं. मारता मारता त्या गालाकडं बघत बसले. बाईमाणसाचा पुतळा अन् गालावर खड्डे? लोक म्हणतील, ह्यांना माती गुळगुळीत करता येत नाही. ओला स्पंज घेतला, वरून अंगठा फिरवला. पाच मिनिटांत म्हातारी कशी सायीसारखी झाली! वर शहाणपण असं, की सिलिकॉनच्या रबरात हार्डनर कालवून ब्रशनं पहिला हात मीच दिला, मग दुसरा, तिसरा. नवरा परत आला तेव्हा रबर लागून तयार. मी शाबासकीची वाट बघत दारात उभी.

साचा उघडला. आतली माती नेहमीसारखी ढेकळं होऊन निघाली. ती काही परत जुळत नाही. गालावर खड्डा असला की साच्यात त्याचा उंचवटा दिसतो. नवरा साच्यात बोट फिरवत राहिला.

“व्रण कुठं गेले?”

“पाण्यानं बुजले असतील,” मी म्हणाले.

मग त्या साच्यातून फायबरचा पुतळा निघाला. जबड्याखाली एक ठसा स्पष्ट उमटला होता, रेघ न् रेघ. माझा अंगठा. नवऱ्यानं तो पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि पॉलिश पेपर उचलून घासून टाकला.  शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अक्का न्यायला आल्या. बोट आधी डाव्या गालावर गेलं आणि तिथंच घसरलं.

“वहिनी, मायचे व्रण?”

“रबरात इतकं बारीक उतरत नाही, अक्का.” नवऱ्यानं मान खाली घातली. माझं तोंड चालूच: “अन् अशाच किती छान दिसतात! वीस वर्षांनी लहान!”

“रबराचं काम. तुम्ही तरी काय करणार?” असं म्हणून उलट त्यांनीच मला समजावलं. पुतळा गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवला, मांडीवर डोकं घ्यावं तशा जवळ बसल्या.

नवरा गेला, शेड बंद झाली, मला नाती झाल्या. एक नात माझ्या हनुवटीवरच्या चामखिळीशी खेळत झोपते. मागच्या वर्षी सहज म्हणाले, ‘डॉक्टरकडून काढून टाकते गं ही,’ तर पोरगी रडायलाच लागली. आठवड्यानं मी पुट्टीचा डबा पिशवीत घातला आणि निलंग्याची एसटी धरली.

समाधीपाशी उभी राहून अक्कांना सगळं सांगितलं. स्पंज, अंगठा, खोटं बोलणं. अक्कांनी पुतळ्याच्या गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला. मी पुतळ्याच्या गालावर पुट्टी लिंपली. “अक्का, वाळायच्या आत दाबा. तुम्हाला पाठ आहेत.”

त्यांनी डोळे मिटले. करंगळी गालापाशी नेली. ती तिथंच थांबली. मग जरा वर गेली, जरा खाली.

“रोज हिलाच बघती ना, वहिनी,” अक्का म्हणाल्या. “आता डोळे मिटले तरी हीच दिसती.”

पुट्टी बोटाखाली घट्ट होत गेली. मी पदरानं कडा पुसू लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

“राहू द्या. तुम्ही नका पुसू.”