आक्कांचे गुडघे

आमच्या सासूबाई, म्हणजे आक्का, देवीला विचारल्याशिवाय घरात काही होऊ देत नसत. विहीर कुठे खणायची, आंब्याची बाग यंदा कुणाला द्यायची, एवढंच काय, सून कुठली आणायची तेही देवळात कौल लावून ठरलेलं. माझ्याआधी दोन चांगल्या मुलींना देवीने डावा कौल, म्हणजे नकार, दिला होता, हे त्या मला अधूनमधून ऐकवत. त्यात उपकाराचा सूर नसे, आपली माहिती म्हणून. रत्नागिरीकडून जाताना पावसच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या देवळात गुरव पाण्यात भिजवलेल्या दोन कळ्या देवीच्या पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला चिकटवतो, घरचं माणूस प्रश्न विचारतं, आणि जी कळी आधी पडेल ते उत्तर. "आपण विचारायचा, तिने सांगायचा. मधे आपली अक्कल घालायची नाय," असं आक्का म्हणत.

मी रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयात सिस्टर होते. डॉक्टर व्हायचं मनात होतं ते मनातच राहिलेलं. प्रवेशाला वयाची अट उरली नाही असं कळलं तेव्हा मी सदतीस वर्षांची, मुलगी सातवीत. ड्यूटी सांभाळून परीक्षेला बसले, पहिल्यांदा आपटले, आणि ते वॉर्डभर झालं. "आमच्या सिस्टर आता डॉक्टर होणार हां," असं वॉर्डातल्या मावशी पेशंटांना सांगायच्या आणि पेशंट माझ्याकडे बघून हसायचे. दुसऱ्या खेपेला मात्र चांगले मार्क पडले आणि दोन कॉलेजांत नाव लागलं. एक नागपूरला. दुसरं इथेच, आमच्याच रुग्णालयाला जोडलेल्या नव्या कॉलेजात.

घरात वादाला कारण मिळालं. "घराजवळ कॉलेज आलंय आणि ही चालली विदर्भात," धाकटे दीर म्हणाले. नवऱ्याचं, विनायकचं, म्हणणं तेच, फक्त आवाज हळू. मी सांगत होते की नागपूरचं कॉलेज जुनं आहे, पेशंट भरपूर, हाताखालून खूप जातं. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही माझं कारण नव्हतं. 

माझं कारण आक्कांनी ओळखलं. मागच्या दारी दोघी कोलंबी सोलत बसलो होतो.

"तुला लाज वाटते ना गो?"

"कसली?"

"ता मला काय ठाव. पण हितल्या कॉलेजाचा नाव काढला की तू खाली बघतंस."

मग मी सांगितलं. ज्या वॉर्डात मी हुकूम सोडले, तिथेच पोरासोरांच्या मागे वही धरून उभं राहायचं. एखादा डॉक्टर सवयीने म्हणणार, सिस्टर, जरा बीपी बघा. सगळे हसणार. मला ते जमणार नाही. नागपुरात मला कोण ओळखतंय?

आक्कांनी पुढची कोलंबी उचलली. मग म्हणाल्या, "मी साक्षरतेच्या वर्गाला गेलेली. शिकवायला शेजारची पोरगी. तिला मी न्हाऊ घातलेली लहानपणी. ती मला म्हणते, आक्का, अ काढा. दोन दिस गेले नि लाजेपायी सोडला. अजून अंगठाच करतंय मी." एवढं बोलून त्यांनी टरफलं गोळा केली. "देवीला विचारू. ती सांगेल ता करायचा."

शेवटी सगळे देवळात गेलो. विनायक आणि दीर सभामंडपात खांबाशी बोलत उभे राहिले. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आक्का, त्यांच्यामागे मी. उजवी कळी नागपूरची, डावी रत्नागिरीची. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आक्कांनी पदर पसरला. थोड्या वेळाने डावी कळी सुटली आणि पाषाणावरून घसरत खाली आली. मी स्पष्ट पाहिलं. गुरव तोंड उघडणार तोच आक्का वळल्या आणि मंडपातल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उजवा दिलान. नागपूरला जायाचा." मग गुरवाला म्हणाल्या, "नारळ वाढवा आता." गुरवाने त्यांच्याकडे बघितलं, खाली पडलेली कळी उचलली आणि नारळ घेतला. मानाच्या घरातली सगळ्यात वडीलधारी बाई. तो काय बोलणार?

मला देवीची तशी भीती नव्हती, म्हणून तो खोटेपणा मला अगदी हलका वाटला. सासूने सुनेची बाजू घेतली, एवढंच मला त्यात दिसलं. येताना गाडीत मी आक्कांचा हात धरला, तर तो गार पडला होता.

नागपुरात पहिल्या दिवशी फाटकावरच्या माणसाने मला पालकांच्या रांगेकडे पाठवलं. वर्गातल्या मुली काकू म्हणायला लागल्या. शरीरशास्त्र शिकवणारी बाई माझ्याहून लहान, ती मला प्रश्न विचारताना अडखळायची. मी नर्स होते हे कळायला फार दिवस लागले नाहीत, आणि एका सकाळी वॉर्डात राउंड चालू असताना कुणीतरी सहज म्हणालं, "तुम्ही सिस्टर होतात ना, जरा बीपी बघा." मी पट्टा गुंडाळला. मुलं हसली, वाईट हसली नाहीत. जी लाज टाळायला मी इतक्या लांब आले होते ती तिथेही होतीच, आणि मी ती सोसलीही. म्हणजे रत्नागिरीतही सोसली असती.

त्या वर्षी शिमग्याला घरी गेले. देवीची पालखी दारात आली. दर वर्षी ओटी भरायला आक्का पुढे; त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून हलल्या नाहीत. "गुडघे धरलेत गो. तू भर," म्हणाल्या. घरची माणसं सांगत होती की देवळातही हल्ली पायरी चढत नाहीत, चपलांपाशी उभ्या राहून हात जोडतात. बोअरवेल मारायची निघाली तेव्हा कौल लावायला कुणी विचारलं, तर म्हणाल्या, "तुमचा तुम्ही ठरवा." दीर कौतुकाने सांगत होते, "सून डॉक्टर व्हायला गेली आणि आक्का सुधारली." सगळे हसले. मला तिथे बसवेना.

त्यांच्या पायांना तेल लावायच्या निमित्ताने मी गुडघे तपासले. ना सूज, ना कुरकुर. हे गुडघे माझ्यापेक्षा चांगले होते.

"आक्का, मी सगळ्यांना खरं सांगते. देवळात चला."

"खुळी काय तू? शिक्षण अर्ध्यावर सोडवतील."

"मग नुसत्या पायऱ्या तरी चढा."

"खंयच्या तोंडाने चढू?" त्यांनी लुगडं खाली ओढून पाय झाकले. "जन्मभर सांगत आले, मधे आपली अक्कल नको. नि मीच घातली. तू पास हो. मग आपण दोघी जाऊ, नारळ देऊ, काय झाला ता सांगू. तवर मी भायेरच बरी."

मला म्हणायचं होतं की आक्का, नागपूरची गरज नव्हती, मला इथेही जमलं असतं. मी तेलाची वाटी उचलली. ज्या लाजेसाठी त्यांनी देवी सोडली ती लाज मुळात एवढी मोठी नव्हती, हे कुठल्या शब्दांत सांगणार?

मी तिसऱ्या वर्षाला असताना आक्का गेल्या. साधा ताप म्हणून दोन दिवस कुणी मला कळवलं नाही, आणि कळलं तेव्हा नागपूरहून पोचायला उशीर झाला होता. शेवटपर्यंत त्या पायरी चढल्या नाहीत.

परवा मी पास झाले. विनायकने नारळ आणला, पेढे आणले, सगळ्यांना घेऊन देवळात आला. मुलगी धावत वर गेली, दीर गेले. आतून गुरवाने हाक मारली, "वहिनी, या आत." मी चपला काढल्या आणि तिथेच उभी राहिले. दोघींनी जायचं ठरलं होतं.

विनायक दोन पायऱ्या उतरून खाली आला. "काय गं, तुझेही गुडघे दुखायला लागले काय?"

मी हो म्हटलं.