उजव्या कानाचा दाब

सिल्वासाजवळ खडोलीच्या कारखान्यात मी वाफेच्या लाइनी सांभाळते. मोठा व्हॉल्व्ह उघडण्याआधी शेजारचा छोटा व्हॉल्व्ह हळूच उघडायचा, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होऊ द्यायचा, मग मोठं चाक सहज फिरतं, हा आमच्याकडचा पहिला धडा. ज्याला धीर नसतो तो अडलेल्या चाकात पाइप अडकवून जोर लावतो. असं कुणी करताना दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि मालवणच्या समुद्रात, पहिल्याच डायव्हिंगला, मी स्वतः तेच केलं. खाली जायला लागल्यापासूनच नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलत राहा, असं शिकवणाऱ्याने बोटीवर बजावलं होतं. मी दुखेपर्यंत थांबले. दुखायला लागल्यावर वर यायचं सोडून नाक दाबलं आणि होती नव्हती ती ताकद लावली. उजव्या कानात काहीतरी फाटलं. गरगरत वर आले, तर कानातून रक्त येत होतं.

“चाकाला पाइप लावलास ना?” नवरा म्हणाला. तोही आमच्याच धंद्यातला. हसावं की रडावं कळेना.

सिल्वासाला परतल्यावर कानाच्या गुजराती डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं सांगितलं. “बेन, पडदा भरून येईल. पण परत जबरदस्ती करशो तो ऐकायला कमी येईल, मग माझ्याकडे रडत नाय यायचं.” मी हादरले. वाफ कुठे गळतेय ते मला यंत्राआधी कानाने कळतं, माझं पोट या कानांवर आहे. तरीही पुन्हा पाण्यात जायचंच, हे मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच ठरवलं. समुद्राने हाकलून दिलं असं मनात घेऊन मला जगायचं नव्हतं.

पडदा भरला, डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. मग सामरवरणीहून कामावर जाताना नवरा गाडी चालवायचा आणि मी जोर न लावता कान उघडायच्या सरावासाठी नाक धरून आवंढा गिळत बसायचे. कानात टक् झालं की पुरे. शेजारच्या रिक्षातल्या बायका बघून पदर तोंडाला लावायच्या. ऐन वेळी सर्दी होऊन कान बंद झाले तेव्हा मी काढलेली तिकिटं रद्द केली.

अखेर पुन्हा मालवण. दोरी धरून, पाय खाली ठेवून सावकाश उतरले. दुखण्याआधीच गिळलं. डावा कान उघडला, उजवा नाही. शिकवणाऱ्याला कानाकडे बोट दाखवलं, हातभर वर गेले, पुन्हा गिळलं. नाही. आणखी वर, पुन्हा खाली. तिथेच अडलं. खाली निळ्या माशांच्या घोळक्यातून नवरा मला बोलावत होता. एक जोराची फुंक मारली असती तर कदाचित पोचलेही असते. मी अंगठा वर केला, म्हणजे पाण्याखाली ‘वर जातेय’ची खूण, आणि परत निघाले.

बोटीवर बसून मी रागाने रडले. नवरा वर आला तेव्हा डोळे पुसून म्हटलं, “पुढच्या वर्षी परत यायचं. उघडेपर्यंत येत राहायचं.”

तो काही बोलणार तेवढ्यात मी त्याला थांबवलं. इंजिन बंद होतं. माझ्या डाव्या कानात पाणी भरलेलं. उजवीकडे रचलेल्या सिलिंडरांमधून अगदी बारीक सूं असा आवाज येत होता.

“त्या कडेच्यातून हवा गळतेय,” मी बोटवाल्याला सांगितलं.

त्याने कान लावला, काही ऐकू येत नाही म्हणाला. मग तांब्याभर पाणी ओतलं. तोटीपाशी बुडबुडे आले.