तिकडच्या फोनमध्ये इकडचं सिम

कुठं डाख दिल्याचा धूर नाकात गेला की मला नांदेडचं ते मोबाईल दुरुस्तीचं दुकान आठवतं. मोठी बहीण अमेरिकेहून एकटीच आली होती. शेजाऱ्यांनी विचारलं की आई "सुट्टीला आलीय" म्हणायची, पण सुट्टी कधीच संपून गेली होती. बहिणीच्या फोनमध्ये इकडचं सिम चालेना, म्हणून मी तिला त्या दुकानात घेऊन गेलो. सकाळीच ऊन रणरणत होतं आणि पत्र्याखाली पंखा नुसताच घरघरत होता. दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी सिम घालून पाहिलं आणि मान हलवली. "तिकडच्या कंपनीचं लॉक हाय, बेटा. फोन ज्याच्या नावावर हाय, त्यानं सांगितल्याबिगर निघत न्हाई." फोन तिकडंच राहिलेल्या भावजींच्या नावावर होता. बहिणीनं माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला. "अहो, मी बोलतेय. माझ्या फोनचं लॉक काढायला सांगता का? इथलं सिम टाकायचंय." पलीकडचं ऐकून ती "बरं" म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. "काय म्हणाले?" मी विचारलं. "करतो म्हणाले. कशाला, असं विचारलंसुद्धा नाही." त्याच आठवड्यात लॉक निघालं. चाचांनी इथलं सिम घातलं, रेंज आली, तसे ते खुशीत म्हणाले, "घे बेटा, आता कुठलंबी चालतंय!" बहिणीनं मान डोलावली आणि ओढणीनं डोळे पुसले. आज वाटतं, भावजींनी ते लॉक काढू नये, असंच तिला वाटत होतं.