काकांचा ट्रक आणि काकीचा हात

आमच्या पेणला भोक राहिलेलं खपत नाही. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर हवेचे बुडबुडे फुटून टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, पॉलिश पेपरने घासून अशी नाहीशी करायची की रंग चढल्यावर कुणाला संशयसुद्धा येऊ नये. आमच्या कारखान्यात हे काम काकीचं. ती डोळ्यांवर विसंबत नाही. अंगठ्याचं नख फिरवते आणि नख अडलं की थांबते. तिच्या हातून गेलेल्या मूर्तीची तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत आल्याचं मला तरी आठवत नाही.

काका गेल्यापासून त्यांचा लांब नाकाचा जुना ट्रक कारखान्यामागे गंजत पडला होता. याच ट्रकातून ते दरवर्षी रोह्याच्या एका आळीचा गणपती पोचवत. कुठूनही परत आले की आधी चाकांच्या ड्रमला हाताची पालथी बाजू लावून बघत आणि अंगणातूनच ओरडत, "थंड हाय गो, चहा ठेव!" हे ऐकल्याशिवाय काकीने कधी आधण ठेवलं नाही. ब्रेक चिकटून राहिला की ड्रम तापतो, एवढं आमच्या स्वयंपाकघरालाही ठाऊक होतं.

यंदा काकीने हट्टच धरला, आळीचा गणपती काकांच्याच ट्रकातून जाणार. माझा चुलतभाऊ, म्हणजे तिचा मुलगा, भलताच व्यवहारी. तो म्हणाला, गाडी आधी रोह्यापर्यंत धड जाऊन दाखवू दे, नाहीतर गणपती टेम्पोतून आणि ट्रक भंगारात. काकी एवढंच म्हणाली, "बघू."

रोह्याला काकांचे जुने दोस्त आहेत. आखातात अवजड गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून परत आलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. इंजिन आणि ब्रेक त्यांनी मार्गी लावले, पत्र्याचं आणि रंगाचं काम काकीने घेतलं. जे जे सुटं निघेल, मग ती कडी असो की कसलं झाकण, ते तिने कारखान्यात आणून खरवडलं, लांबी भरून गुळगुळीत केलं आणि रंगवून दिलं. ट्रक असा दिसायला लागला की दृष्ट काढावी.

पण चालेल तर शपथ! वडखळपर्यंत मजेत यायचा, नागोठणं मागे पडलं की जड व्हायचा आणि पुढच्या खांब गावाला जळका वास. पेडलवर पाय नसतानाही ब्रेक दाबलेलाच. ड्रमवर पाणी टाकलं की चर्र करायचं. फोन केला की चाचा रोह्याहून मोटरसायकलवर यायचे, आल्या आल्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढून तेल बघायचे, मग जॅक लावायचे. चाक गरगर फिरायचं. "हिला काय बी झाला नाय!" असं आम्हालाच ओरडायचे. तरी त्यांनी रबरं बदलली, पाइप बदलले. पुढच्या खेपेला पुन्हा खांब. त्या गावाचा बिचाऱ्याचा काही दोष नसताना मला त्याच्या नावाचीच चीड यायला लागली. भावाने टेम्पोवाल्याशी बोलूनही ठेवलं. काकीने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

गणपती निघायच्या आधीची शेवटची चाचणी. काकी स्वतः बरोबर आली. ट्रक ठरल्यासारखा खांबला अडला. चाचा आले ते या वेळी हात मागे बांधून उभे राहिले.

"कोणी कशाला हात लावायचा नाय," ते म्हणाले. "दर टायमाला मी काय तरी उघडतो नि ही बरी होते. म्हंजे माझ्या हातून बिघाड पळून जातो."

त्यांनी आधी चाक उचललं. चाक हलेना. मग बाकी कशालाही न शिवता फक्त तेलाचं झाकण फिरवलं. फुस्स आवाज झाला आणि चाक फिरलं. मी त्या माणसाकडे बघतच राहिलो. स्वतःची तारीफ स्वतःच करायची त्यांना खोड आहे, पण त्या दिवशी मीही त्यात भर घालायला तयार होतो.

झाकणाला बारीक भोक असतं, त्यांनी सांगितलं. तेल तापून फुगलं की दाब तिथून निघून जातो. भोक बंद असेल तर तो दाब ब्रेक दाबून धरतो. पण या झाकणाचं भोक कुठे होतं? चाचांनी ते उन्हात धरलं, चष्मा पुसून बघितलं, सापडेना. शेवटी झाकण काकीच्या हातात दिलं.

तिने नख फिरवलं. नखही कुठे अडलं नाही. पण हात लागताच तिला आठवलं आणि तिचा चेहरा पडला.

"इथं व्हतं," ती म्हणाली. "गंजानं पडलंय समजून मीच बुजवलं. त्यांची गाडी मीच अडवली, भाई."

चाचा मोठ्याने हसले. "भाभी, तिकडं पेंटर लई बघितले. पण बुजवलेलं भोक मलाच गावू नये, असा हात नाय बघितला!"

काकीने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि नेमक्या जागी टोचली. पहिल्याच टोच्यात भोक मोकळं झालं.

गणपती निघाला त्या सकाळी भाऊ स्वतःच मागे मूर्तीला धरून बसला. मी चालवत होतो, शेजारी काकी. खांब आलं तेव्हा मी श्वास ओढून वास घेत होतो आणि काकी समोरच्या रस्त्याकडे बघत होती. खांब मागे पडलं.

रोह्याला आळीतली माणसं मूर्ती उतरवायला धावली. काकी मात्र खाली उतरून सरळ चाकापाशी गेली. पदर सावरून वाकली आणि ड्रमला हाताची पालथी बाजू लावली.

"थंड हाय," ती म्हणाली, आणि तशीच वाकून राहिली.

मी समोरच्या टपरीकडे वळून ओरडलो, "चहा ठेवा हो!"